कॉफीची चक्की आणि घड्याळजींचा हात

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची चक्की आहे. विजेची नव्हे, हाताने फिरवायची. चौकोनी लाकडी पेटी, वर वाटीसारखं तोंड, लोखंडी दांडा आणि खाली पूड साठवायचा खण, एवढाच माझा पसारा. पोटातले पोलादी दाते कुणाला दिसत नाहीत. काम तेच करतात आणि कौतुक मात्र लाकडाच्या पॉलिशचं होतं. असो.

पहिल्या घरात मी वीस वर्षं दळलं. मग तिथे विजेचं यंत्र आलं आणि माझी रवानगी जुन्या वस्तूंच्या दुकानात झाली. मी रडले वगैरे नाही. खरं सांगायचं तर दुकानातली फळी काही वाईट नव्हती.

एके दिवशी एक बाई वडिलांना घेऊन आली. वडील घड्याळजी, चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेले. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. तो रोज वापरला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण व्यायामाचा रबरी चेंडू पाहिला की हे नाक मुरडायचे. कॉफीचे मात्र भारी शौकीन. म्हणून लेकीने युक्ती काढली, बाबांनी आपली कॉफी आपणच दळायची.

फळीवर आम्ही तीन चक्क्या होतो. लेकीने पर्समधून कॉफीच्या बिया काढल्या, प्रत्येकीत थोड्या दळून पाहिल्या आणि पूड कागदावर पसरली. चकचकीत स्टीलवालीने निम्म्या बिया नुसत्याच फोडल्या. प्लॅस्टिकवाली तर टेबलभर घसरत होती. माझी पूड एकसारखी पडली. घड्याळजींनी माझ्यावर कान ठेवला आणि डाव्या हाताने दांडा फिरवला.

"दाते शाबूत आहेत," ते म्हणाले. "वरचा नट तेवढा ढिला वाटतोय."

"असू द्या हो बाबा. हीच घेऊ."

पहिल्या आठवड्यात उजव्या हाताने रोज दहा फेरे झाले, दुसऱ्यात पंधरा. लेक खूश होती. मग फेरे घटू लागले, बारा, आठ, तीन. कारण मला ठाऊक होतं. ढिला नट दिसला की घड्याळजींना चैन पडत नसे. लेक उठायच्या आत ते डाव्या हाताने तो रोज थोडा आवळायचे. माझे दाते एकमेकांना घासू लागले होते, पण हे सांगायचं कसं?

एका सकाळी दांडा हललाच नाही.

"संपलं," घड्याळजी म्हणाले. "हात गेला माझा."

त्यांनी मला कपाटात मागे सारलं. त्या दिवसापासून त्यांनी उजव्या हाताने चमचासुद्धा धरला नाही. लेक विनवायची, तर म्हणायचे, "उगाच कशाला? कळलं मला काय ते."

पंधरा दिवसांनी लेकीने मला दुकानात परत द्यायला बाहेर काढलं. सहज दांडा फिरवून पाहिला. मग दोन्ही हातांनी जोर लावला.

"अहो बाबा, ही तर मलाही फिरेना! नट कुणी आवळला?"

"मीच. ढिला होता ना."

"तो थोडा ढिलाच ठेवायचा असतो! आवळला की दाते अडकतात!"

घड्याळजींनी कपाळावर हात मारला, डावा. मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे, हा गेला नव्हता?"

लेक नट सोडवायला पुढे झाली, तर त्यांनी तिला अडवलं. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी स्वतः माझ्या नटावर ठेवली. बोटं घसरली, पुन्हा बसली, पुन्हा घसरली. लेक तोंडावर पदर धरून उभी होती. पाच मिनिटं लागली, पण नट सैल झाला. त्या सकाळी सहा फेरे झाले.

मित्रांनो, मला पाण्याने धुऊ नका, दाते गंजतात. कोरड्या ब्रशने झाडा, तेवढं पुरे. आणि कुणाच्या हातून काम होत नाहीसं झालं, तर त्या हाताला बोल लावण्याआधी एकदा माझा नट बघा.