डाव्या हाताचा दांडा

मी दांडा बोलतोय. बोलायची मला हौस नाय. लोखंडानं गप ऱ्हावं, हे मला पटतं. पण तुम्ही इथं खुराड्यापुढं बसलात अन 'सांग की, सांग की' म्हणून मागं लागलात. ऐकणाऱ्याचं काय जातंय? ऐका आता, अन मधी मधी तोंड घालू नका.

बागंत झाडांच्या दोन ओळींतून जाणारा छोटा ट्रॅक्टर असतो ना, त्याचा मी दांडा. मागं जोडलेलं वखर उचलायचं अन खाली सोडायचं, हे माझं काम. कंपनीत झालो नाय मी. हर्सूलला शफीकभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात झालो. अंग एका मोडक्या हापश्याचं, मूठ सायकलीची, खटका ओढायची तार स्कूटरच्या ब्रेकची. हापश्यात होतो तवा अख्ख्या गल्लीला पाणी पाजलं, कुणी साधं नाव घेतलं नाय. जाऊ द्या ते.

मला करून घेतला कडुबानं. फुलंब्रीकडचा मोसंबीवाला. त्याचा उजवा खांदा बैलानं पार निकामी केलेला, अन कंपनीचा दांडा नेमका उजवीकडं. धाकटा भाऊ गोकुळ म्हणायचा, "दादा, मी चालवतो, तू बांधावर बस." बांधावर बस म्हणलं की कडुबा उठून उभा ऱ्हायचा. बसलेल्या माणसाला घरात कोण इचारतं?

शफीकनं त्याला स्टुलावर बसवला. म्हणला, "आंख बंद करो कडुभाऊ. हात जिधर जाता, उधरच मूठ बिठाता मैं."

"अन वखर नाय उचललं तर?"

"तो मेरेकू उचलके ले जाव."

कडुबाचा डावा हात हवेत जिथं गेला, तिथं माझी मूठ आली. बुडाशी खाचांची एक पट्टी. वखर वर ओढलं की माझा खटका वरच्या खाचंत बसायचा, अन मग सगळं वजन मी धरून ऱ्हायचो. लई वजन असतं ते. तुम्ही धरून बघा एकदा.

पहिल्या दिवशी कडुबानं एकट्यानं बाग वखरली. घरी येऊन बायकोला म्हणला, "मनकर्णे, मला नवा हात फुटला."

मनकर्णाबाई म्हणली, "त्याच हातानं जेवायला बसू नका म्हंजी झालं."

ही गोष्ट गावात फिरली. कुणाला आखूड दांडा पायजे, कुणाला पायानं दाबायचा. शफीक परत्येकाला सांगायचा, "पैले कडुभाऊ का दांडा देखके आव." माणसं यायची, मला हलवून बघायची, टिचक्या मारायची. मी अंग ताठ धरायचो.

आता पोळ्याचं सांगतो. कडुबानं बैल विकले, पण पोळा सोडवंना. मग ट्रॅक्टर धुवायचा, ओवाळायचा, पुरणपोळी दाखवायची. ट्रॅक्टरला शिंगं कुठली? म्हणून दर साली माझी पाळी. फाटकाचा उरलेला लाल ऑइलपेंट घेऊन कडुबा मला शेंड्यापासून बुडापर्यंत माखायचा. जुन्या थरावर नवा थर. यंदा मनकर्णाबाई पुरणाच्या हातानंच बाहेर आली.

"अवं, रंग खटक्यात चाललाय. खाचा बुजल्या की!"

"शिंगं रंगवताना मधी जागा सोडत्यात व्हय?"

"ते शिंग नाय, दांडा हाय."

"माझं शिंगच हाय ते. तू पुरण बघ, लागलं खाली."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हापश्याला कधी कुणी कुंकू लावलं नव्हतं. पण रंग वाळला अन खटका जागच्या जागी चिकटला. खाच निम्मी भरून गेली. लोखंडाला आपलं अंग आपल्याला खरवडता येत नाय.

पाऊस उघडून जमिनीला वापसा आल्यावर वखर निघालं. दोनचार ओळी झाल्या अन ठिबकची नळी वखराच्या पासंला, म्हंजी खालच्या पात्याला, गुंडाळली. कडुबानं मला ओढलं, इंजिन बंद केलं. खटका खाचंच्या तोंडाशीच टेकला, आत बसला नाय. मला कळलं. सांगू कुणाला?

गोकुळ वाकला. "दादा, खाली विटा लावतो."

"विटा कशाला? शफीकभाईचा दांडा हाय. घाल हात बिनघोर."

गोकुळनं पाय पुढं टाकून नळीला हिसका दिला. त्या हिसक्यानं मी सुटलो. पास सरळ त्याच्या पायावर आली. दोन बोटं गेली.

दवाखान्यातून कडुबा एकटा शेतात आला. पान्याच्या टोकानं खाच खरवडली. रंगाचा जाड पापुद्रा निघून त्याच्या हातावर आला. तो तसाच मटकन खाली बसला, लेकरावानी रडला. मला वाटलं, आता जाऊन भावाला सांगंल. त्यानं मला खोललं, गोणपाटात गुंडाळलं अन कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला आडवं लावून टाकलं.

गोकुळनं इचारलं, "दादा, कसं काय सुटलं रे?"

"वेल्डिंग तुटलं. कच्चं काम केलं त्या शफीकनं."

घरात बोलला, मग फुलंब्रीच्या हॉटेलात बोलला. ज्यांनी ज्यांनी दांडे करून घेतले होते, त्यांनी ते काढून टाकले.

शफीक आला. मी अंगणातच होतो. गोकुळ पाय बांधून बाजंवर पडलेला.

"कडुभाऊ, दांडा दाखवा. कुठं तुटला ते मला बघू द्या. माझं काम कच्चं निघालं तर दुकान बंद करतो मी."

कडुबा जमिनीकडं बघून म्हणला, "भंगारात गेला."

"कौनसे भंगारवालेकू?"

"आता काय ध्यानात ऱ्हातंय?"

मनकर्णाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिचा हात माझ्यावर होता. तिनं मला बघितलं, नवऱ्याला बघितलं. मी मनात म्हणलं, बाई, आता तरी बोल. ती म्हणली, "चहा टाकते शफीकभाई."

"नको भाभी."

बाजंवरून गोकुळ ओरडला, "परत ह्या दारात येऊ नका!" शफीक त्याच्या पायाकडं बघत राहिला, अन गेला.

आता तो निस्त्या खिडक्यांच्या जाळ्या करतो म्हणं. ट्रॅक्टर झाडाखाली उभा हाय. कडुबा बांधावर बसतो. सकाळी माझ्यावरून जातो, तवा मान दुसरीकडं वळवतो. कोंबड्या माझ्यावर बसत्यात अन काय करायचं ते करत्यात.

तुम्ही एवढं ऐकलंय तर एक करा. मला इथून काढा, गोकुळच्या बाजंवर ठेवा. म्हणावं, वेल्डिंगवर बोट फिरव, केसाएवढी चीर सापडती का बघ. मग मला हर्सूलला नेऊन शफीकच्या हातात द्या. पुढं वितळवलं तरी माझी ना नाय.

गावात शफीकचं नाव घेत्यात. चुकीचं नाव घेत्यात. माफी ज्यानं मागायला पायजे, त्याचं नाव कडुबा.