मंचावरून उतरलेले टेबल

मित्रांनो, आर्णीच्या एका प्रशिक्षण-सभागृहातील मी एक वृद्ध सागवानी टेबल. सुताराच्या हातून माझा एक पाय किंचित आखूड राहिला. त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा आजही आहे. तीस वर्षे माझे स्थान मंचावर होते. पुष्पगुच्छ, पाण्याचे तांबे आणि वक्त्यांची कोपरे मी निमूटपणे धारण केली. समोर खुर्च्यांच्या रांगा असत. पुढे मान्यवर, मध्ये इतर पुरुष आणि अगदी शेवटी, दाराशी, स्त्रिया. या रचनेत काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही, कारण मला सारे दिसत असे.

गतवर्षी येथे फवारणीच्या औषधाचे माप शिकवले गेले. शेवटच्या रांगेतील रुक्माबाईंना केवळ टोप्या दिसल्या. घरी जाऊन त्यांनी औषध अंदाजाने मिसळले. फवारताना त्यांचे यजमान भोवळ येऊन पडले आणि आठ दिवस रुग्णालयात राहिले. यंदा रुक्माबाई पुन्हा आल्या, त्या ते माप स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठीच.

नव्या प्रशिक्षिका केतकीताईंनी रांगा मोडून खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस स्त्रिया. हेतू उत्तम होता. परंतु रुक्माबाई बसल्या न बसल्या तोच उठून भिंतीकडे गेल्या. मागोमाग इतर जणीही गेल्या.

“काय झालं, मावशी?” केतकीताईंनी विचारले.

“समोर भासरे बसले ना, ताई. त्याईच्या मिशा मोजू का औषध पाहू?”

भासरे म्हणजे थोरले दीर, बबनराव. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसणे किंवा त्यांच्याशी थेट बोलणे त्या घरच्या रीतीत नव्हते. केतकीताईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला मंचावरून उतरवले, माझ्यापुढे सतरंजी अंथरून स्त्रियांना अर्धवर्तुळात बसवले आणि त्यांच्या मागे पुरुषांच्या खुर्च्या ठेवल्या.

“म्हणजे आता आमी मांगं?” बबनराव म्हणाले.

“काका, त्या खाली बसल्यात. डोक्यांवरून तुम्हाला सगळं दिसेल.”

“दिसलं तं ठीक. नाही तं चहा पिऊन जाऊ.”

माझ्या काठावर काचेचे मापपात्र आले. औषधाऐवजी रंगीत पाणी. सतरंजीवर बसलेल्यांच्या डोळ्यांना त्यावरील रेघ अगदी समपातळीत आली. केतकीताईंनी बबनरावांना ठरलेल्या रेघेपर्यंत ओतण्यास बोलावले. ते उभ्यानेच, वरून पाहत ओतू लागले.

“ताई,” रुक्माबाई हळूच म्हणाल्या, “त्याईले सांगा, एक रेघ जास्त झालं.”

बबनरावांनी गुडघा टेकला, रेघेशी डोळा आणला आणि जास्तीचे पाणी परत ओतले.

“सांगा तिले,” ते केतकीताईंकडे पाहत म्हणाले, “यंदा आमच्याही घरचं औषध तिनंच मोजावं.”

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा, माझ्या अंगावर नावे कोरू नका. मांडा मात्र कोठेही. केवळ मांडण्यापूर्वी सर्वांत शेवटच्या जागेवर क्षणभर स्वतः बसून पाहा.