हत्यारांची फळी

डबा गोडेतेलाचा होता, पंधरा किलोचा, वरून तिरका कापलेला. त्यात त्रेसष्ट वस्तू होत्या. नऊ छिन्न्या, अकरा कानशी, चौदा पाने, सहा पेचकस, तीन पकडी, पाच पंच, करवतीची सात पाती (त्यातली चार तुटकी), पत्र्यावर रेघ ओढायच्या दोन सुया, काटकोन बघायचा एक गुण्या, ड्रिलची दोन टोकं, अर्धी कात्री, किल्ली नसलेलं एक कुलूप आणि चहाचा एक चमचा. धार किंवा टोक असलेल्या वस्तू त्रेचाळीस. त्यातल्या एकोणतीस टोक वर करून उभ्या. डब्याच्या कापलेल्या कडेला तीन ठिकाणी रक्त वाळलेलं होतं. त्यातला एक डाग त्याच सकाळचा, सर्जेराव मिस्तरींचा.

हे एप्रिल २०१६ मधलं. पप्पांची शेड जालना रोडला, करमाडच्या अलीकडे. ट्रकवर बसवायच्या पाण्याच्या टाक्या आम्ही बनवत होतो. त्या वर्षी जायकवाडीचा तळ दिसत होता. खेड्यांना पाणी नव्हतं, आणि औरंगाबाद या रस्त्यानं इतकं वाढत आलं होतं की नव्या कॉलन्यांना नळही नव्हते. टँकर दोन्हीकडे लागत होते. बारा टाक्या मेअखेरपर्यंत द्यायच्या होत्या. माझी बीएस्सीची शेवटची परीक्षा झाली होती, फिजिक्स, निकाल लागायचा होता. घरात बसवत नव्हतं म्हणून मी रोज शेडमध्ये जात होते, आणि तिथंही बसवत नव्हतं.

मिस्तरी तेव्हा एकसष्ट वर्षांचे. मूळचे सोयगावचे, चिकलठाण्यात खोली घेऊन राहायचे. पप्पा पत्र्याचं काम शिकले ते त्यांच्याच हाताखाली. महिन्यातली ही त्यांची चौथी जखम होती. फेब्रुवारीत शेजारच्या शेडमध्ये एका माणसाची दोन बोटं गेली होती आणि ती शेड नऊ दिवस बंद राहिली होती. तेव्हापासून पप्पा रक्ताचा थेंब दिसला तरी शेडभर येरझाऱ्या घालायचे. त्या दुपारी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “अजून एकदा रक्त सांडलं ना सायली, मी मिस्तरींना सोयगावच्या यष्टीत बसवून देणार. मंग कोणी काय बी म्हणो.”

मिस्तरींना हे सांगायची त्यांची हिंमत नव्हती. मला मात्र दोष सरळ डब्यात दिसत होता. एकोणतीस टोकं वर असलेल्या डब्यात दिवसातून पन्नास वेळा हात घातला की काय होणार, त्याला फिजिक्स लागत नाही.

फळी करायला मला चार दिवस लागले. मशीनच्या खोक्याचं प्लायवूड होतं, चार फूट बाय तीन. आमचा बोअर आटला होता, त्याचा पीव्हीसी पाइप काढून ठेवलेला होता. त्याचे वीत-वीतभर तुकडे कापले, खालून लाकडी बूच मारलं आणि ते फळीवर जरा तिरके बसवले, म्हणजे आतल्या हत्याराचं टोक खाली आणि मूठ आपल्याकडे. कानशीला प्रत्येकीला वेगळा पाइप, कारण एकमेकींवर घासून त्यांचे दात जातात. पकडींसाठी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. रेघ ओढायच्या सुयांसाठी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक. छिन्न्यांची डोकी घण खाऊन खाऊन कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरली होती. ठोकताना त्या पसरलेल्या कडेचा तुकडा उडाला तर थेट डोळ्यात जातो, म्हणून सगळी डोकी ग्राइंडरवर घासून घेतली. शेवटी प्रत्येक हत्याराभोवती पांढऱ्या रंगानं रेघ मारली. जागा रिकामी असली की काय बाहेर आहे ते रेघेवरून कळावं.

वेल्डिंग करणारा फकिरा म्हणाला, “ताई, एक रेघ माझ्याभोवती पण मार. संध्याकाळी मला बी इथंच टांगून जा.”

मिस्तरी फळीपुढं बराच वेळ उभे राहिले. देवघरावानी दिसतंय, म्हणाले, आणि कामाला लागले.

मोबाइलवर वेळ लावून मी मोजायला लागले. फकिराला हवं ते हत्यार काढायला सरासरी चार सेकंद. पप्पांना सहा. मिस्तरींना एकोणीसच्या खाली कधीच नाही, एकदा तर एक्केचाळीस. ते डाव्या कडेपासून एकेका मुठीला बोट लावत यायचे. परत ठेवताना बारा नंबरचा पाना चौदाच्या रेघेत. डब्यात हात घालून ते न बघता हवी ती वस्तू काढायचे, आणि मला ते कसब वाटायचं. आता मला वाटलं, म्हातारा मुद्दाम करतोय. कालच्या पोरीनं त्यांच्या शेडला शिस्त लावावी हे रुचलं नसेल. मी रेघा आणखी जाड केल्या. काही फरक पडला नाही.

जखमांची नोंद मी फिजिक्सच्या वहीत मागच्या पानापासून ठेवत होते. फळी लावल्यापासून अठरा दिवसांत पाच. फकिराची एक, मिस्तरींच्या चार. चारही लहान होत्या, आणि मिस्तरी त्यावर वायरची काळी चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा कामाला लागायचे. पप्पांना ती लांबून ग्रीसचा डाग वाटायची. मला माहीत होतं आणि मी गप्प होते. वही पिशवीत तळाशी ठेवत होते, आणि दिवसातून दहा वेळा ती आहे ना ते बघत होते. कारण आकडे माझ्या विरुद्ध जात होते. चारांपैकी एकही जखम फळीजवळ झालेली नव्हती. सगळ्या बाकावर किंवा जमिनीवर ठेवलेल्या हत्याराच्या.

मेच्या तीन तारखेला सातवी टाकी जोडून झाली. एरवी टाकी तयार झाली की पाण्यानं भरून गळती बघायची. त्या वर्षी दहा हजार लिटर पाणी नुसतं बघायला कोण देणार? म्हणून मिस्तरींनी जुनी रीत काढली होती. टाकीत उतरायचं, टाकीच्या तोंडावर गोणपाट टाकायचं आणि अंधारात बसून सांधे बघायचे. बाहेरच्या उन्हाचा ठिपका जिथं दिसेल तिथं खडूची खूण. अगोदर दिलेल्या सहापैकी दोन टाक्या गळतात म्हणून परत आल्या होत्या. पप्पा फकिराच्या वेल्डिंगला बोल लावत होते, फकिरा चिडून बोलायचा बंद झाला होता.

त्या दिवशी मीही टाकीत उतरले. आत सत्तेचाळीस अंश होते, थर्मामीटर मी नेला होता. आधी मिस्तरींना सांध्यावर उडालेले वेल्डिंगचे मणी काढायचे होते. त्यांनी छिन्नी मागितली. फकिरानं वरून हात आत घातला आणि छिन्नी टाकीच्या तळावर ठेवली. हातात दिली नाही. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत; भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. घरातल्या विळीपासून शेतातल्या विळ्यापर्यंत हेच, आणि शेडमध्येही हेच. मी स्वतः जन्मभर तसंच करत आले होते आणि एकदाही ते वहीत लिहावंसं वाटलं नव्हतं.

टाकीच्या तोंडातून ऊन सरळ छिन्नीवर पडलं होतं. ती चकाकत होती. मिस्तरी तिच्याकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांचा तळहात तिच्या एक वीत अलीकडून टाकीचा तळ चाचपत पुढे आला आणि धारेवर टेकला.

जखम तीन सेंटिमीटर. मी ओढणी गुंडाळली. फकिराला गोणपाट टाकायला सांगितलं. तो वरून विचारत होता काय झालं, मी म्हटलं, काही नाही, टाक. अंधार झाला. वरच्या सांध्यात मला चार ठिपके स्वच्छ दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे, पांढरे.

“मिस्तरी, वर किती दिसतात?”

ते बराच वेळ मान वर करून होते. मग म्हणाले, “सोमनाथला नको सांगू बाई.” पप्पांना ते नावानंच हाक मारायचे.

दिवाळीपासून धुराड्यातून बघितल्यासारखं दिसतं, त्यांनी सांगितलं. उजव्या डोळ्यानं तर नुसता उजेड कळतो. सोयगावला एका शिबिरात मोतीबिंदू म्हणाले होते. ऑपरेशन करून घ्या, महिना-दीड महिना धुळीत जाऊ नका. मग का नाही केलं, मी विचारलं.

“टाक्यांचं काम दुष्काळ हाय तवर. महिनाभर मी नाय आलो तर सोमनाथ दुसरा माणूस बघंल. त्याची बी चूक नाय. पन एकदा उठलं की ह्या वयात परत कोण बसू देतंय? हाताला समदं कळतंय माझ्या. डोळ्याचं काय एवढं.”

“परत आलेल्या दोन टाक्या तुम्हीच बघितल्या होत्या ना?”

त्यांनी ओढणीची गाठ दातांनी घट्ट ओढली.

संध्याकाळी मला घरी एका जागी बसता येईना. सांगितलं तर मिस्तरींची जागा जाणार. नाही सांगितलं तर उद्या त्यांच्या हातात ग्राइंडर असेल. मुठींना वेगवेगळी सुतळी गुंडाळली, पाइपांना खाचा पाडल्या, तर त्यांना डोळ्यांवाचून फळी वापरता येईल, हेही सुचलं. मी चित्रसुद्धा काढलं. मग लक्षात आलं की ते चित्र म्हणजे त्यांच्या काळ्या चिकटपट्टीसारखंच. चित्र फाडलं.

सकाळी शेडमध्ये पप्पांच्या पुढ्यात वही उघडून ठेवली. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून अकरा जखमा, नऊ मिस्तरींच्या, त्या नऊंचं कारण एकच: डोळे. पप्पा आकड्यांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. एवढे दिवस तू गप्प होतीस? म्हणाले. मी हो म्हटलं. मग मी मागणं सांगितलं: मिस्तरींना ऑपरेशनला पाठवायचं आणि त्यांच्या जागी माणूस घ्यायचा नाही. पाच टाक्या बाकी होत्या. पप्पा उठून फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी म्हणाले, माणूस नाही घेणार, पण परत आल्यावर काम बघून ठरवीन. ते गुरू असले तरी.

हे त्यांनी मिस्तरींना सांगितलं तेव्हा मी फळीजवळ उभी होते. मिस्तरी सरळ माझ्याकडे आले.

“मास्तरीण, वहीत माझं नाव किती डाव हाय?”

“नऊ.”

“दहावं लिहू नको.”

त्यांनी फळीवरून बोटांनी शोधत आपली हातोडी काढली, स्वतःची होती ती, धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. वीस मिनिटं एसटी आली नाही. ते शेडकडे पाठ करून उभे होते. मी पाणी घेऊन गेले, त्यांनी ते घेतलं नाही.

ऑपरेशन बारा मेला झालं, इतकंच मनकर्णाबाईंकडून कळलं, त्यांच्या बायकोकडून. मिस्तरी फोनवर आले नाहीत. इकडे मिस्तरी बसवायचे ते टाक्यांचे कोपरे आता फकिरा आणि पप्पा बसवत होते. पत्रा आणि कोपरा यांच्यात एक मिलिमीटरपर्यंत फट असली तर वेल्डिंगनं नीट भरते. यांची फट दोन, अडीच, एका ठिकाणी तीन निघाली. आठवी टाकी दोनदा कापून जोडावी लागली. मेअखेर उलटून गेली, फाटकाबाहेर टँकरवाले हॉर्न वाजवत राहायचे. चिकलठाण्यातला एक चांगला फिटर कामाला येतो म्हणत होता. पप्पांनी त्याला दोनदा बसवून घेतलं, चहा पाजला आणि दोनदा परत लावलं. प्रत्येक वेळी नंतर तासभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी फळी एक वीत खाली घेतली. ती माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावली होती आणि मिस्तरी माझ्याहून बुटके होते, हे तोवर ध्यानात आलं नव्हतं. आणि शेडमध्ये नवा नियम केला. धारेचं हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही. मूठ पुढे करून हातात द्यायचं, घेणाऱ्यानं ‘आलं’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. फकिरा म्हणाला, भांडणं लागतील. पप्पांनीही दोन दिवस छिन्नी माझ्या हातून घेतली नाही, मी द्यायला गेले की ते दुसरीकडे बघायचे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मिस्तरी आले. जाड चष्मा होता, आणि ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. कुणाशी न बोलता त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला. अकराव्या टाकीचे चार कोपरे राहिले होते. पप्पांनी नुसतं तिकडे बोट दाखवलं आणि फाटकाकडे जाऊन उभे राहिले. मी चष्म्यावरून लावायचा काचेचा गॉगल पुढे केला. मिस्तरींनी तो लावला.

फळीपुढं ते थांबले, एकदा वरून खाली बघितलं, आणि गुण्या, सुई, कानस घेऊन गेले. मध्येच छिन्नी मागितली. फकिरा सवयीनं खाली वाकला. मी त्याच्या हातून ती घेतली आणि मूठ पुढे करून मिस्तरींच्या समोर धरली. ते हात लांब करेनात.

“हातात?” ते म्हणाले. “भांडण होतंय, पोरी.”

“होऊ द्या.”

“व्हायचं काय राहिलंय म्हना त्यात.” त्यांनी मूठ धरली. मी सोडली नाही. “आलं म्हणा मिस्तरी, त्याबिगर सुटत नाय,” फकिरा म्हणाला. मिस्तरींनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

“आलं,” म्हणाले.

चार कोपरे बसवायला त्यांना दोन तास दहा मिनिटं लागली. पप्पा फाटकापासून आत आले आणि पोलादी पात्यांचा गेज त्यांनी माझ्या हातात दिला. मी प्रत्येक कोपऱ्यात तीन ठिकाणी फट मोजली, बारा आकडे झाले, ते मोठ्यानं वाचून दाखवले. सर्वांत मोठी फट शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर.