मजा नथी

रखमीचा मुलगा नविन वापीला कारखान्यात लागला, तिथेच त्याने बिऱ्हाड केलं आणि पोरं गुजराती शाळेत जाऊ लागली. झरीत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. सीमेवरचं गाव. "गुजराती तर आमच्या कोंबड्यांनाही कळते," असं रखमी म्हणायची.

२०१७ सालच्या दिवाळीत नातवंडं पहिल्यांदाच आईबापाशिवाय चार दिवस आजीकडे राहायला आली. सोडून जाताना सून संगिता म्हणाली, "रमली तर उन्हाळ्यातही पाठवीन, आई. नाही रमली तर मात्र पुन्हा आग्रह करू नका." झालं, रखमीने कंबर कसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वर्षांचा अमृत ओट्यावर पाय सोडून बसला होता. तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं रे माझ्या वाघा?"

"आजी, मने मजा नथी."

रखमी त्याच्याशेजारी टेकली. मजा नाही? आत्ताच कंटाळला? अजून तीन दिवस काढायचे होते!

तिने मांडवावरची मोठी काकडी उतरवली, किसली, तांदळाचं पीठ आणि गूळ घालून पानात गुंडाळून उकडली. ती लहान असताना या वासावर अर्धा पाडा चुलीभोवती जमायचा आणि तिची आजी पळी उगारून पोरं हाकलायची. अमृतने मात्र एक तुकडा खाल्ला, तोही आजीने भरवला म्हणून. दुसराही तसाच.

"आता?"

"मजा नथी."

मग तिने शेजारच्या सुक्याचं बकरीचं पिल्लू आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. पिल्लाने त्याचा सदरा चघळला. नऊ वर्षांची प्रगती हसून लोळली. अमृत हसला नाही.

शेवटी रखमीने दोघांना रिक्षात घातलं आणि थेट हायवेवरचा अच्छाड नाका गाठला. तिच्या लहानपणी रस्त्याला चुकूनमाकून एखादा ट्रक दिसायचा. पोरं धुळीत त्याच्यामागे धावायची, ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, आणि त्या एका भोंग्यावर आठ दिवस आनंदात जायचे. इथे तर नजर पोचेल तिथवर ट्रकच ट्रक.

"तो बघ लाल! तो बघ, किती चाकं! मोज तरी!"

अमृतने डोळे मिटले. रखमीने धाब्यावरून गरम भजी आणली आणि एक भजं त्याच्या तोंडात कोंबलं.

"आजी, बिलकुल मजा नथी," असं म्हणून त्याने ते भजं काकडीच्या तुकड्यांसकट तिच्या लुगड्यावर ओकून टाकलं.

"अगं बाई गं!"

"सकाळपासून सांगतोय ना तो," प्रगती म्हणाली. "त्याला बरं नाहीये. पोट दुखतंय."

"कधी सांगितलं? मजा नाही म्हणाला!"

"मजा नथी म्हणजेच बरं नाही, आजी. शाळेत बाईंना असंच सांगतात. मग त्या घरी पाठवतात."

"आणि तू का गप्प बसलीस, शहाणे?"

"मला वाटलं, तू औषध करतेयस. गावचं."

"ट्रक दाखवून?"

"मला काय माहीत!"

घरी आल्यावर रखमीने त्याच्या बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याचं कोमट पाणी पाजलं. पोर तिच्या मांडीवर झोपलं. संध्याकाळी संगिताचा फोन आला. "सगळं ठीक आहे" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. उन्हाळाही पदरात पडला असता. पण रखमीची जीभ तशी वळेना. काकडीपासून भज्यापर्यंत सगळं तिने सांगून टाकलं.

मग संगिता हळूच म्हणाली, "आई, रागावू नका. निघायच्या आदल्या दिवशी त्याने शेजाऱ्यांकडे अर्धा डबा मोहनथाळ खाल्ला होता. निघतानाच पोट धरून होता. मीच बोलले नाही. म्हटलं, तुम्ही म्हणाल, हिला पोरं सांभाळता येत नाहीत."

"म्हणजे तू मला भितेस?"

"मग? तुम्हाला कोण भीत नाही?"

रखमी इतकी हसली की मांडीवरचं पोर दचकून उठलं आणि खायला मागू लागलं. तिने प्रगतीला चुलीवरची पेज वाढायला सांगितली.

"आई," संगिता म्हणाली, "उन्हाळ्यात मीही येऊ का पोरांबरोबर?"

"ये की. पण काय खाऊन आलीस, ते दारातच सांगायचं."