वच्छलाबाईची हरळी

"आई, हे काय केलं तुम्ही?" शाळेत शिकवून परतलेली अरुंधती फाटकातच थबकली.

"निंदलं वं," खुरपं पुसत तिची सासू वच्छलाबाई म्हणाली. "सारी हरळी काढली. एक काडी नाई ठेवली!"

"आई, तेच तर लॉन होतं."

शहरातल्या सदर भागामागच्या सरकारी क्वार्टरपुढचं ते लॉन आधीच थकलेलं. उन्हाळाभर रात्री त्यावर झोपायला बाजा पडायच्या, त्यामुळे जागोजागी टक्कल. उरलंसुरलं गवत अरुंधती आषाढात जपून वाढवत होती. आता तेही गल्लीतल्या गाईच्या पोटात गेलं होतं.

हरळी गणपतीला वाहायला ठीक. पण रामटेकजवळच्या आपल्या शेतात ती दिसली की वच्छलाबाईचं डोकं फिरायचं. उभा जन्म तिनं ती उपटली होती. नवरा गेल्यावर ती मुलाकडे आली, तर इथे कामच नाही. बसून खाल्लेला घास घशाखाली उतरेना. एक काम हौसेनं केलं, तेच उलटलं. सून पर्स ठेवून स्वयंपाकाला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सकाळी वच्छलाबाई रिकामं पोतं घेऊन रामटेकच्या एसटीत बसली.

शेत आता धाकटा दीर चंपतराव वाहत होता. वहिनी बांधावर हरळी खणताना पाहून तो हसतच सुटला. "वयनी, दादानं हिच्यापायी कंबर मोडून घेतली, अन् तुमी तिले पोत्यात भरून नेऊन राहिल्या?"

"हासा भाऊजी, पोटभर हासा. माह्या हातानं गेली, आता माह्याच हातानं लागन."

परतल्यावर तिनं माती भुसभुशीत केली, शेणखत मिसळलं, मुळांचे तुकडे एकेक करून दाबले. "आई, माळ्याले सांगतो नं," मुलगा म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पावसानं दडी मारली तेव्हा डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणीही तिनं वाया जाऊ दिलं नाही. गाय दिसली की काठी घेऊन धावायची. चुकून पाय टाकला म्हणून मुलावरही खेकसली.

पोळ्यापर्यंत टक्कल भरलं. त्या संध्याकाळी अरुंधती चहा घेऊन बाहेर आली, चपला काढून गवतावर बसली.

"आई, या नं. बसा."

वच्छलाबाई जपून टेकली. हरळीत ती जन्मात पहिल्यांदा नुसती बसली होती. तिला नवऱ्याची फार आठवण आली. तो असता तर आधी शिव्या घातल्या असत्या, मग शेजारी बसला असता.

चहा संपला. कप खाली ठेवल्यावर हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते पदरात गुंडाळून घेतले.