पांढऱ्या फुलांची कार्डं

काडेपेटीतल्या काडीवर कागदी पाकळी गुंडाळायची, अलगद सोडायची, मग बुडाला गोंदाचा थेंब लावून दाबून धरायची. वत्सलाचा अंगठा पाकळीवर होता तेवढ्यात मागे खाटेवर आनंदा कण्हला. तिनं मान वळवली, पण अंगठा उचलला नाही. आत्ता सोडलं असतं तर फूल वाकडं बसलं असतं, आणि वाकडं फूल शेठ घेत नसे.

"आले हो," ती म्हणाली. "एवढं चिकटू द्या."

 कालपासून तो पाणीसुद्धा मागत नव्हता. नवरा कण्हतो आहे आणि आपण फुलं वळत बसलो आहोत, याची तिला मनापासून लाज वाटली, आणि तरी तिनं पुढची पाकळी उचलली.

सुरतेजवळच्या भेस्तानच्या त्या चाळीत सगळा कारभार एकाच खोलीत. आनंदा कापड रंगवायच्या, डाइंगच्या मिलमध्ये होता. दिवाळीनंतर कावीळ झाली, अंगावर काढली, आणि आता ती हाडीमाशी मुरली होती. मोठ्या दवाखान्यातून त्याला घरी सोडलं ते "इंजेक्शनं चुकवू नका, बाकी बघू" एवढं सांगून. त्या 'बाकी'त काय काय येतं, हे विचारायची छाती वत्सलाला झाली नाही. मिलचा पगार बंद झाला होता. इंजेक्शनं येत होती ती या कार्डांवर.

कार्डांचं सामान प्लास्टिकच्या पाकिटात जुळवून येई. दुमडलेलं जाड कार्ड, कापलेल्या पाकळ्या, रिबिनीचा तुकडा आणि इंग्रजीतली एक रुपेरी पट्टी. शेठ माल परदेशी पाठवी. दर खेपेला विषय निराळा. मागच्या वेळी फुगे आणि केक होते, त्याआधी चोचीत चोच घातलेली कबुतरं. या खेपेला मात्र पांढरी फुलं आणि राखाडी रिबीन. वत्सलाला ही सगळ्यांत आवडली होती. उगाच भडकपणा नाही. रिबीन तिरकी बसलेलं एक कार्ड तर तिनं आनंदाच्या उशाशी, औषधाच्या बाटलीला टेकवून उभं केलं होतं. डोळे उघडले तर ओल आलेल्या भिंतीऐवजी काहीतरी बरं दिसावं, एवढाच तिचा हेतू.

सकाळी किसन माल बघायला आला. शेठाची कार्डं घरोघर पोचवणं आणि तयार माल गोळा करणं हे त्याचं काम. माणूस खानदेशातला, पण सुरतेतच वाढल्यामुळे त्याची भाषा तीन गावचं पाणी प्यालेली. दारात चपला काढून तो आत आला, आनंदाकडे पाहिलं, आणि त्याची नजर उशाशी अडली.

"हे इथं कशाला ठेवलं, वत्सलाबेन?"

"वाया गेलेलं आहे. तुमच्या मालातलं नाही धरलं."

"त्याचं नाही म्हणत मी. काढून टाका ते." त्यानं आवाज खाली आणला. "फॉरेनमध्ये कोणी मेलं ना, की त्याच्या घरच्यांना मोकलतात ही कार्डं. पट्टीवर तेच छापलंय. तुमच्या दुःखात आम्ही बी आहोत, असं काहीतरी."

 वत्सलानं झटक्यात कार्ड उचललं. ते ठेवायचं कुठं हे मात्र तिला सुचेना.

किसनला बोलून चुकल्यासारखं झालं असावं. तो घाईघाईनं धंद्याचं बोलू लागला. संध्याकाळी येतो, पेटी तयार ठेवा. डाग नको एक पण. मागे एका बाईनं ओल्या मेंदीच्या हातानं काम केलं तर शेठनं अख्खी पेटी परत मारली, अन् तिचं काम कायमचं बंद. एवढं सांगून तो गेला.

कोपऱ्यात भाकरी थापणारी सोनाबाई, आनंदाची आई, हे सगळं ऐकत होती. मुलाचं दुखणं वाढलं म्हणून ती अकोल्याकडच्या गावाहून आली होती. तिच्या गावात मयताचं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नसत. बाहेरच वाचून बाहेरच फाडत. इथं तर मरणाच्या पत्रांच्या थप्प्याच्या थप्प्या तिच्या लेकाच्या खाटेखाली रचून ठेवलेल्या.

"बाहेर टाक ते," ती म्हणाली. "सारेच्या सारे."

"आत्याबाई, ह्याच्यावरच त्यांचं इंजेक्शन येतं."

"अन् हेच त्याले घेऊन जाईन तं?"

"कागद आहे तो."

"कागद आहे म्हणते. मंग त्याच्या उशापासून काहून उचललं?"

 वत्सलानं हातातलं कार्ड बाहेर नेऊन बारीक बारीक फाडलं आणि गटाराशी टाकलं. सुरतेत प्लेग येऊन गेल्यापासून गल्लीत रोज झाडू फिरत असे. झाडूवाली ते तुकडे गोळा करून नेईपर्यंत ती दारातच उभी राहिली.

परत येऊन तिनं राहिलेली कार्डं पुरी केली. चिकटवताना प्रत्येक रुपेरी पट्टीवरून नजर चुकवत होती. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आणायला ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी कागद वाचला, घडी घातली, परत उघडला.

"इंजेक्शनं वाढवायला हवीत. आजपासूनच," ते म्हणाले. "आणि गावाकडं कोणाला कळवायचं असेल तर कळवून ठेवा."

परतीच्या वाटेवर तिनं मनाला एकाच गोष्टीला बांधून ठेवलं. किसन येईल, पेटी नेईल, हातात रोख पडेल, मेडिकलवाला दुकान बंद करायच्या आत इंजेक्शन घरात. त्याच्या पलीकडचा विचार करायचाच नाही. रडूही यायला लागलं होतं, ते तिनं मागे ढकललं.

घरात पाऊल टाकलं तर पेटी उघडी. कार्डं फरशीवर मांडलेली, आणि मध्ये सोनाबाई बसलेली. तिच्यापुढे देवाजवळच्या हळदी-कुंकवाच्या वाट्या. लग्नपत्रिकेला लावतात तशी ती एकेका कार्डाच्या चारही कोपऱ्यांना बोटं टेकवत होती. पांढऱ्या पाकळ्यांवर लाल-पिवळं सांडलं होतं, रिबिनींवर बोटं उमटली होती. निम्म्याहून जास्त कार्डं तशी झाली होती.

 ओरडावं, वाट्या हिसकाव्यात, या म्हातारीला दंडाला धरून गाडीत बसवून द्यावं, असं सगळं वत्सलाच्या मनात एकदम वर आलं.

"काय करून ठेवलं हे?" एवढंच ती म्हणाली.

"शुभाचे करून राह्यली," सोनाबाईनं वर न बघता सांगितलं. मग तिचा हात थांबला. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"पण लागू पडत नसंन गं हे. माह्याच कपाळी कुंकू नाही, त माह्या हातच्या कुंकवाले काय सत्त?" तिनं बोटं पदराला पुसली. "मी दुपारपासून तेच पाहून राह्यली. पोरगा डोया उघडत नाही."

वत्सलानं खाटेकडे पाहिलं. आनंदाचं तोंड किंचित उघडं होतं. छाती हलते का ते बघायला तिला जवळ जाऊन वाकावं लागलं. हलत होती. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली. कोरी कार्डं अजून बरीच होती. ती तरी किसनला देता आली असती. गयावया केली असती तर तेवढी त्यानं घेतलीही असती.

गल्लीत सायकलची घंटी वाजली.

"वत्सलाबेन, माल तैयार?"

ती खाली बसली. सासूपुढची वाटी आपल्याकडे ओढली, आणि कोरी कार्डं सोडून, सोनाबाईनं लावून ठेवलेलं अगदी पहिलं कार्ड उचललं. त्याच्या कोपऱ्यावर, आधीच्या फिकट ठशावर, तिनं आपल्या सवाष्णीच्या बोटानं भरभरून कुंकू टेकवलं. मग दुसऱ्या कोपऱ्यावर.

"थांबा थोडं, किसनभाऊ," ती आतूनच म्हणाली. "अजून सगळी व्हायची आहेत."