हाडवैद्याची पाठ

गावात कुणाची कंबर धरली, मान अवघडली की लोक माझ्याकडं यायचे. हाडवैद्य म्हणायचे मला. त्यामुळं माझीच पाठ दुखायला लागली, तेव्हा डॉक्टरकडं जाणं म्हणजे स्वतःच्या हातानं नाक कापून घेणं होतं.

सहा महिने तेल चोळलं, शेकलं, मेहुण्याला पाठीवर उभं केलं. आडवं झालं की कळ आणखीच वाढायची.

"एकदा दाखवून या की," बायको म्हणायची.

"मी कुणाला दाखवू? लोक मला दाखवतात!"

मग एक दिवस चिखल तुडवत रानातून घरी आलो. बायको माझ्या पायाकडं बघतच राहिली.

"दुसरी चप्पल कुठंय?"

डाव्या पायात चप्पल नव्हती. चिखलात कधी रुतून राहिली, पायाला पत्ताच नाही. टाचेत बोटभर काटा घुसलेला, तोही कळला नव्हता. दुसऱ्याच दिवशी बायकोसोबत शहराची एसटी धरली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआयचा फोटो उजेडाला धरला. मणक्याच्या आत शेंगदाण्याएवढी गाठ होती.

"मज्जारज्जूवर दाब येतोय, म्हणून पाय बधिर झालाय."

"कॅन्सर आहे का?" बायकोनं विचारलं.

"बहुतेक साधी असावी. पण काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. उशीर केला तर पाय जातील. कुणाकडून पाठ चोळून घेत होता का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

ऑपरेशनला पाच तास लागले. आठवड्यानं रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता. बायको बाकावर बसून रडली आणि डोळे पुसून सहा महिन्यांच्या शिव्या मला एकदम दिल्या. पुढं दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या, लेकीच्या वयाच्या एका पोरीनं मला दांड्याला धरून चालायला शिकवलं. "काका, आधी टाच!" जन्मभर लोकांना उभं करणारा मी, स्वतःची टाच शोधत होतो. आता गाठ परत येते का बघायला दरवर्षी फोटो काढायचाय.

घरी आलो तर गावातला कुंभार कंबर धरून दारात.

"जरा हात फिरव."

"आडवं झाल्यावर जास्त दुखतं का? पाय बधिर होतो? लघवीला अडतं?"

"हात फिरव म्हटलं, चौकशी कर असं नाही म्हटलं!"

"आधी डॉक्टरला दाखव."

तणतणत गेला. साधी लचक निघाली. तेव्हापासून गावभर सांगत सुटलाय, हाडवैद्य भ्याला म्हणून.

खोटं नाही. भ्यालोच होतो. आता कुणी ना कुणी पाठ दाखवायच्या निमित्तानं हसायला येतं माझ्याकडं. त्यालाही मी तेच तीन प्रश्न विचारतो.